ग्राही हाती, प्रतिजन अज्ञात: मेट पेशींच्या शोधातील एकोणीस वर्षांचे प्रकरण

टी पेशींच्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, नेहमीच्या अभ्यासात रोगजंतू आधी माहीत असतो, त्याच्या प्रथिनाचा नेमका कोणता तुकडा पेशी ओळखते हे त्यानंतर शोधले जाते आणि तो तुकडा ओळखणाऱ्या ग्राहींची, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ओळख पटवणाऱ्या रेणूंची, मोजदाद शेवटी होते. अपारंपरिक टी पेशींच्या अभ्यासकाला हा क्रम बहुधा उलटा चालावा लागतो. त्याला आधी एक विलक्षण ग्राही दिसतो, मग तो ग्राही ज्या रेणूकडे पाहतो तो रेणू सापडतो, आणि त्या रेणूने धरून ठेवलेला पदार्थ, म्हणजे प्रत्यक्ष प्रतिजन, कित्येक वर्षे अज्ञात राहतो. येथे घेतलेली परिस्थिती नेमकी अशीच आहे. श्लेष्मल अस्तराशी निगडित आणि एकसाची ग्राही असलेल्या ज्या टी पेशींना संशोधक थोडक्यात मेट पेशी म्हणतात, त्यांच्या ग्राहीची नोंद १९९३ मध्ये झाली आणि प्रतिजन २०१२ मध्ये हाती आले. मधल्या काळात अभ्यासकांपुढे कोणते पर्याय होते, त्यांनी कोणत्या पुराव्यावर भिस्त ठेवली आणि मिळालेले उत्तर पहिल्याच खेपेस पूर्ण बरोबर होते का, हे या प्रकरणात तपासले आहे. या शोधाची निर्णायक कडी एका न जमणाऱ्या प्रयोगातून आली, आणि त्या अपयशाकडे पुरावा म्हणून पाहता आले ते आधीच्या मंडळींनी प्रतिजनाशिवाय उभ्या केलेल्या कामामुळे, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

पारंपरिक टी पेशी इतर पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए या रेणूंवर मांडलेले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे, ओळखतात. एचएलएची जनुके माणसागणिक इतकी वेगळी असतात की अवयवरोपणात तीच मोठी अडचण ठरते, आणि टी पेशींचे ग्राही जनुकखंडांच्या यादृच्छिक जोडणीतून घडत असल्यामुळे दोन व्यक्तींचे ग्राहीसंच सहसा जुळत नाहीत. अपारंपरिक टी पेशींमध्ये या दोन्ही गोष्टी बदलतात. प्रतिजन मांडणारा रेणू जवळपास सर्व माणसांत सारखाच असतो आणि त्याला ओळखणाऱ्या ग्राहीचा काही भागही ठरावीक असतो. पेप्टाइडची जागा येथे इतर प्रकारचे रेणू घेतात: सीडी१ कुटुंब स्निग्ध पदार्थ मांडते, तर माणसाच्या रक्तातील गॅमा-डेल्टा या टी पेशींचा मुख्य गट ब्युटायरोफिलिन प्रथिनांच्या मदतीने फॉस्फेटयुक्त लहान रेणूंची दखल घेतो.

१९९३ साली बॉस्टनमध्ये स्टीव्हन पोर्सेली, मायकेल ब्रेनर, स्टीव्हन बाल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातील अशा टी पेशींचे ग्राही तपासले, ज्यांच्यावर सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही चिन्हे नसतात. एकमेकांशी नाते नसलेल्या व्यक्तींमध्ये ग्राहीच्या दोन साखळ्यांपैकी अल्फा साखळी तीच पुन्हा पुन्हा आढळली, आणि अशी साखळी एक नव्हे तर दोन होत्या. पहिलीत व्हीअल्फा२४ हा जनुकखंड होता, दुसरीत व्हीअल्फा७.२ हा खंड जेअल्फा३३ या खंडाशी जोडलेला होता. यादृच्छिक जोडणीतून तीच रचना इतक्या जणांत योगायोगाने येणे अशक्यप्राय असल्याने कोणता तरी ठरावीक रेणू या पेशींची निवड करत असला पाहिजे, एवढा निष्कर्ष तेव्हाच काढता येत होता.

पहिल्या साखळीचे नशीब लवकर उघडले. ती साखळी असलेल्या एनकेटी पेशी सीडी१डी या रेणूकडे पाहतात हे कळले आणि १९९७ मध्ये जपानच्या मासारू तानिगुची यांच्या गटाने अल्फा-गॅलॅक्टोसिल सेरामाइड हा स्निग्ध पदार्थ त्यांना चेतवतो असे दाखवले. हा पदार्थ ओकिनावाजवळच्या समुद्रातील स्पंजापासून मिळालेल्या द्रव्यांवरून घडवलेला होता आणि किरिन या मद्यनिर्मिती कंपनीच्या औषध संशोधन विभागाने उंदरांतील अर्बुदांविरुद्धच्या चाचण्यांमधून त्याला वर काढले होते. त्याआधी १९९४ मध्ये ब्रेनर यांच्याच गटाने सीडी१बी हा रेणू क्षयजंतूंच्या कवचातील मायकोलिक आम्ल मांडतो हे सिद्ध केले होते. या दोन यशांनी क्षेत्राला एक सवय लावली: अपारंपरिक टी पेशी म्हटले की स्निग्ध पदार्थ शोधायचा. दुसऱ्या साखळीच्या वाट्याला आलेला उशीर समजून घेताना ही सवय विसरता येत नाही.

प्रतिजनाशिवाय केलेले काम

दुसरी साखळी पॅरिसच्या क्युरी संस्थेतील ऑलिव्हिए लँट्झ यांनी लावून धरली. १९९४ मध्ये आल्बेर बेंडलॅक यांच्यासह त्यांनी एनकेटी पेशींच्या एकसाची ग्राहीवर महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला होता, म्हणजे ते अधिक गजबजलेल्या क्षेत्रात आधीच स्थिरावलेले होते. तरीही १९९९ मध्ये त्यांच्या गटाने व्हीअल्फा७.२ साखळीवर काम प्रसिद्ध केले. माणूस, उंदीर आणि गाय या तिन्ही सस्तन प्राण्यांत तीच साखळी आढळते, आणि या पेशींच्या निवडीसाठी एचएलएसारख्या रेणूंना जोडीला लागणारे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे छोटे प्रथिन लागते पण पेप्टाइड आत वाहून नेणारी टॅप ही यंत्रणा लागत नाही, असे त्यात दाखवले होते. दुसऱ्या निष्कर्षाचे वजन मोठे होते. टॅप लागत नाही याचा अर्थ नेहमीच्या वाटेने येणारे पेप्टाइड बहुधा बाद झाले.

मांडणारा रेणू २००३ मध्ये निश्चित झाला. एमआर१ हे जनुक जपानमध्ये हाशिमोतो, हिराई आणि कुरोसावा यांनी १९९५ सालीच शोधून ठेवले होते, पण त्याचे काम कोणाला माहीत नव्हते. एमआर१ च्या ज्या भागात प्रतिजन धरणारी खोबण असते तो भाग माणूस आणि उंदीर यांत सुमारे ९० टक्के सारखा आहे, आणि इतके साम्य एचएलए कुटुंबात दुर्मीळच म्हणावे लागेल. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मेट पेशी नाहीशा होतात, आणि जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांतही त्या आढळत नाहीत, हे लँट्झ यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये मांडले. मेट हे नावही याच वेळी पक्के झाले. पुढे सेंट लुईस येथील टेड हॅन्सन यांच्या गटाने एमआर१ च्या खोबणीतील अमायनो आम्ले एकेक बदलून पाहिली. त्यामुळे पेशींचा प्रतिसाद बदलतो हे दिसल्यावर खोबणीत काहीतरी धरलेले असते या तर्काला बळ आले.

परिस्थिती आता अशी होती. ग्राही माहीत, मांडणारा रेणू माहीत, जंतूंशी संबंध असल्याचेही माहीत. मात्र खोबणीत काय आहे ते माहीत नाही. अशा वेळी संशोधकाला दोन मार्ग असतात. एक म्हणजे संशयित पदार्थ एकामागून एक पेशींवर टाकून पाहणे. अल्फा-गॅलॅक्टोसिल सेरामाइडच्या यशामुळे हा मार्ग मोहक होता, आणि २००५ च्या सुमारास मॅनोसिल सेरामाइड गटातील कृत्रिम स्निग्ध पदार्थ या पेशींना चेतवतात असे निष्कर्ष छापूनही आले, परंतु त्यातून नैसर्गिक प्रतिजनापर्यंत वाट गेली नाही. दुसरा मार्ग संथ आहे: प्रतिजनाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून पेशी मोजता येतील, वेगळ्या काढता येतील आणि त्यांच्या वर्तनाची नोंद करता येईल अशी साधने घडवायची. लँट्झ यांनी दुसऱ्यावर भर दिला. २००९ मध्ये त्यांच्या गटाने व्हीअल्फा७.२ साखळीला चिकटणारे प्रतिद्रव्य उपलब्ध केले आणि मेट पेशी माणसाच्या रक्तातील टी पेशींच्या १ ते ८ टक्के असतात, हे प्रत्यक्ष मोजून दाखवता आले. प्रयोगशाळेतील उंदरांत या पेशी इतक्या विरळ असतात की केवळ उंदरांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाने त्यांना किरकोळ समजून सोडून दिले असते. एखाद्या संशोधकाची कारकीर्द मोजताना अशा साधनांना दुय्यम स्थान देण्याची पद्धत आहे. ती मला चुकीची वाटते, कारण पुढचे अनेक प्रयोग याच प्रतिद्रव्यावर उभे राहिले.

२०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जंतूंची बाजू तपासली. लँट्झ यांच्या गटाने आणि ओरेगॉनमधील डेव्हिड लेविन्सन यांच्या गटाने मेट पेशी जिवाणूंची लागण झालेल्या पेशींना प्रतिसाद देतात असे दाखवले, आणि लेविन्सन यांच्या कामात क्षयजंतू केंद्रस्थानी होता. पॅरिसच्या यादीत एश्चेरिशिया कोलाय, क्लेब्सिएला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि काही यीस्ट चेतवणाऱ्यांत होते. अ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस आणि एन्टेरोकॉकस फीकॅलिस न चेतवणाऱ्यांत होते. विषाणूंनी काहीच घडवले नाही. ही यादी ग्रॅमरंजनाच्या, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन केलेल्या, वर्गीकरणाशी जुळत नव्हती, कोषभित्तिकेच्या घडणीशी जुळत नव्हती, आणि रोगकारक जंतू व निरुपद्रवी जंतू या भेदाशीही जुळत नव्हती. चेतवणारे सगळे जंतू राइबोफ्लेविन, म्हणजे ब२ जीवनसत्त्व, स्वतः तयार करतात आणि न चेतवणारे तयार करत नाहीत, ही विभागणी त्या यादीतच होती. मात्र जंतूंच्या शेकडो चयापचय मार्गांपैकी नेमक्या याच मार्गाकडे पाहावे असे सुचवणारे तेव्हा काहीही नव्हते. उत्तर डोळ्यांसमोर असूनही दिसले नाही असा आरोप करणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

घडी न बसणारे प्रथिन

मेलबर्नमधील जेम्स मॅक्लस्की आणि मोनाश विद्यापीठातील जेमी रॉसजॉन यांचे गट अनेक वर्षे एचएलए रेणू आणि टी पेशींचे ग्राही यांच्या स्फटिकरचना काढत होते. अशा कामात प्रथिन जिवाणूंकडून तयार करून घेतात. ते जिवाणूच्या आत विस्कटलेल्या गोळ्यांच्या रूपात साचते, मग ते युरियासारख्या द्रव्यात पूर्ण उलगडून बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि योग्य पेप्टाइड यांच्या सोबतीने पुन्हा घडीत, म्हणजे मूळ त्रिमितीय आकारात, आणावे लागते. योग्य पेप्टाइड नसेल तर एचएलएची घडी टिकत नाही, हे या मंडळींना सरावाने माहीत होते. एमआर१ ची घडी बसेना, तेव्हा प्रयोगाच्या कृतीत दोष असेल असे मानून ती कृती बदलत राहणे हा एक पर्याय होता. दुसरा पर्याय म्हणजे खोबणीत बसणारा पदार्थ भांड्यात नाही म्हणून घडी बसत नाही असे समजणे. तसे समजले की न जमणारी घडी हीच एक चाचणी बनते: जे मिश्रण टाकल्यावर घडी बसेल, त्या मिश्रणात एमआर१ ला हवा असलेला पदार्थ आहे.

घडी बसली ती आरपीएमआय १६४० मध्ये. पेशी वाढवण्यासाठी जगभर वापरले जाणारे हे एक सर्वसाधारण संवर्धन माध्यम आहे आणि त्यात जिवाणूंचा मागमूस नसतो. लार्स केअर-नील्सन प्रथम लेखक असलेल्या २०१२ च्या शोधनिबंधात हा निष्कर्ष येतो. मास स्पेक्ट्रोमेट्री या वस्तुमान मोजणाऱ्या तंत्राने खोबणीतील पदार्थ सुट्टा करून तपासला तेव्हा १९० वस्तुमानाच्या आसपास शिखर मिळाले आणि तो पदार्थ ६-फॉर्मिलटेरिन ठरला. माध्यमात घातलेल्या फॉलिक आम्लाचे, म्हणजे ब९ जीवनसत्त्वाचे, प्रकाशामुळे विघटन होऊन तो तयार होतो. एमआर१ च्या खोबणीतील ४३ व्या क्रमांकाच्या लायसिन या अमायनो आम्लाशी तो शिफ बेस या प्रकारच्या सहसंयुज बंधाने जोडला गेला होता. खोबण लहान होती आणि तिच्या भिंतींवर वलयी अमायनो आम्ले दाटीने होती. तेथे पेप्टाइड मावणार नव्हते आणि स्निग्ध पदार्थाची लांब शेपटीही मावणार नव्हती. स्निग्ध पदार्थ शोधण्याची अनेक वर्षांची सवय एका स्फटिकरचनेने मोडली.

६-फॉर्मिलटेरिनने मेट पेशी चेतवल्या जात नव्हत्या, आणि याच ठिकाणी हे प्रकरण भरकटू शकले असते. संवर्धन माध्यमातून आलेला आणि पेशींवर परिणाम न करणारा पदार्थ म्हणजे प्रयोगातील भेसळ, असे म्हणून तो सोडून देणे अगदी स्वाभाविक होते. या गटाने त्याच्याकडे प्रतिजन म्हणून पाहिले नाही, तसेच भेसळ म्हणूनही पाहिले नाही. एमआर१ ला कोणत्या घडणीचे रेणू आवडतात याचा तो नमुना आहे असे त्यांनी मानले. त्यानंतर माध्यमाच्या जागी साल्मोनेला जिवाणूंच्या संवर्धनातील द्रव वापरले, तेव्हा ३२९.११ वस्तुमानाचा दुसरा पदार्थ खोबणीत सापडला आणि त्याने मेट पेशी चेतवल्या. टेरिनशी साम्य असलेल्या पण राइबोफ्लेविनप्रमाणे राइबिटिल शेपटी असलेल्या रेणूंकडे लक्ष जाताच राइबोफ्लेविनचा मार्ग समोर आला, आणि २०१० ची जंतूंची यादी एका फटक्यात अर्थपूर्ण झाली. माणसाच्या पेशी राइबोफ्लेविन बनवत नाहीत. त्यामुळे त्याच्या निर्मितीमार्गातील रेणू दिसणे म्हणजे जिवाणू किंवा यीस्ट जवळ असल्याची खूण ठरते.

पहिल्या उत्तरातील चूक

३२९.११ या वस्तुमानावरून २०१२ मध्ये जी रासायनिक रचना सुचवली गेली ती ल्युमाझिन या दुहेरी वलय असलेल्या गटातील होती. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, अलेक्झांड्रा कॉर्बेट प्रथम लेखिका असलेल्या निबंधात त्याच गटाने आणि क्वीन्सलँडमधील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरली यांनी ती रचना सुधारली. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूतील राइबोफ्लेविनची जनुके बदलून त्यांनी दाखवले की मार्गातील सुरुवातीचा, ५-ए-आरयू हा रेणू तयार होणे आवश्यक आहे. ५-ए-आरयू स्वतः एमआर१ ला चिकटत नाही. तो मिथाइलग्लायॉक्झालसारख्या, दुसऱ्याच चयापचय मार्गातून येणाऱ्या छोट्या रेणूशी विकराच्या मदतीशिवाय जुळतो आणि ५-ओपी-आरयू बनतो. हाच खरा प्रबळ प्रतिजन होय.

ही चूक का झाली हे पाहणे उद्बोधक आहे. सुचवलेला ल्युमाझिन रेणू आणि ५-ओपी-आरयू यांचे रेणुसूत्र एकच आहे, दोन्ही सी१२एच१८एन४ओ७. समघटक असल्याने वस्तुमान कितीही काटेकोर मोजले तरी त्यांच्यात भेद दिसत नाही. शिवाय ५-ओपी-आरयू पाण्यात अल्पजीवी असतो. थोड्या वेळात त्याचे दुसरे वलय जुळून पूर्ण होते आणि तो ल्युमाझिन गटातील रेणूत बदलतो. रसायनशास्त्रज्ञाला बाटलीत जे स्थिर रूप सापडते ते पेशीला दिसलेले रूप नसते. एमआर१ मात्र लायसिनशी बंध जोडून त्या क्षणभंगुर रूपाला पकडून ठेवतो. इतका अस्थिर पदार्थ प्रतिजन म्हणून शोधायला निघालेला संशोधक त्याला शुद्ध करण्याच्या प्रत्येक पायरीवर गमावत गेला असता, आणि एकेक अंश वेगळा करून तपासण्याच्या जुन्या पद्धतीने तो का सापडला नाही याचा उलगडा मला येथेच होतो. पुढे फेअरली यांच्या गटाने पाणी टाळून, डीएमएसओ या द्रावकात, ५-ओपी-आरयू तयार करण्याची आणि टिकवण्याची रीत दिली. लँट्झ यांच्या गटाने २०१५ मध्ये एश्चेरिशिया कोलायमध्ये स्वतंत्रपणे याच मार्गाची खातरजमा केली. प्रतिस्पर्धी म्हणता येईल अशा गटाकडून झालेली ही पुष्टी, माझ्या दृष्टीने, मूळ शोधनिबंधाच्या प्रसिद्धीपेक्षा जास्त मोलाची आहे.

शोधानंतर

प्रतिजन हाती आल्याचा सर्वांत तातडीचा उपयोग मोजणीसाठी झाला. एमआर१ चे चार रेणू एकत्र बांधून त्यांत प्रतिजन भरलेले टेट्रामर २०१३ मध्ये डेल गॉडफ्री आणि मॅक्लस्की यांच्या गटांनी तयार केले आणि मेट पेशी थेट त्यांच्या ग्राहीवरून ओळखता येऊ लागल्या. प्रतिद्रव्याच्या मोजणीत व्हीअल्फा७.२ असलेल्या पण मेट नसलेल्या पेशींची सरमिसळ राहत असे. ती आता टळली. ज्या ६-फॉर्मिलटेरिनने पेशी चेतवल्या नाहीत, तोच भरलेला टेट्रामर आज नकारात्मक तुलनेसाठी वापरतात.

घडी न बसण्याचे कारणही नंतर उलगडले. २०१६ मध्ये मेलबर्नच्या गटाने दाखवले की एमआर१ पेशीच्या आत अर्धवट अवस्थेत थांबून राहतो, आणि प्रतिजनाने ४३ व्या लायसिनचा प्रभार नाहीसा केल्यावरच तो पूर्ण घडीत येऊन पृष्ठभागाकडे निघतो. परीक्षानळीत जी अडचण वाटत होती ती त्या रेणूच्या नियंत्रणाचीच रीत होती. हे कळल्यावर निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एमआर१ जवळजवळ का दिसत नाही, या जुन्या कोड्याचेही उत्तर मिळाले.

खोबणीची यादी तेथे थांबली नाही. डायक्लोफेनॅकसारखी काही औषधे किंवा त्यांचे अवशेषही एमआर१ मध्ये बसू शकतात असे २०१७ मध्ये दिसले. त्याच वर्षी बाझेल येथील जेन्नारो दे लिबेरो यांच्या गटाने एमआर१ कडे पाहणाऱ्या पण जीवनसत्त्वमार्गातील प्रतिजनांना न जुमानणाऱ्या टी पेशी वर्णन केल्या. मेट पेशींच्या अभ्यासकाला १९९३ नंतर जो प्रश्न पडला होता, तोच या पेशींच्या अभ्यासकापुढे नव्याने उभा राहिला. फरक इतकाच की आता लायसिनशी बंध जोडू शकणारे छोटे, अस्थिर रेणू शोधायचे हे सुरुवातीपासून माहीत होते.

माणसातील सर्वांत स्पष्ट पुरावा २०२० मध्ये एका रुग्णाच्या अभ्यासातून आला. या व्यक्तीच्या एमआर१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल होता, ज्यामुळे नवव्या स्थानावरील आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आले होते. बदललेला एमआर१ फॉलिक आम्लापासून येणारे, पेशींना न चेतवणारे रेणू धरू शकत होता, पण राइबोफ्लेविनमार्गातील प्रतिजन धरू शकत नव्हता. त्या व्यक्तीच्या रक्तात मेट पेशी नव्हत्या आणि गॅमा-डेल्टा पेशींचे प्रमाण वाढलेले होते.